जुनं रिव्हॉल्व्हर घेताना: झीज मोजायची कशी, दुरुस्ती करायची कुणी

आमचे दाजी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे राहतात. वडिलांपासून आलेली बारा बोअरची डबल बॅरल त्यांच्या परवान्यावर आहे. बेळगावच्या कॅम्पातल्या एका वयस्क गृहस्थांनी आपलं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर विकायला काढलं, तेव्हा दाजींनी मला फोन केला. मी काही बंदुकीतला माणूस नव्हे. तीस वर्षं उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये फिटर म्हणून काढली, एवढंच. "तुला थाऊ-थाऊ मोजायची सवय आहे, तूच चल," ते म्हणाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलीमीटरच्या हिशेबात ०.०२५. माणसाचा केस साधारण दोन ते चार थाऊ जाड असतो. या लेखातला सगळा हिशेब थाऊमध्येच आहे, कारण रिव्हॉल्व्हर चांगलं की वाईट हे तेवढ्या फरकावर ठरतं.

दाजींची चूक होऊ नये असं मला वाटण्याला कारण होतं. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन ठेवता यायच्या. दाजींकडे एकच जागा उरलेली. शिवाय १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात जवळजवळ बंद झाली, त्यामुळे आपल्याकडे हातोहात फिरणारी मोठ्या बोअरची, म्हणजे आतून रुंद नळीची, रिव्हॉल्व्हर बहुतेक चाळीस वर्षांच्या पुढची असतात. सुटा भाग मिळवणं जिकिरीचं. एकदा घेतलं की घेतलं.

त्या गृहस्थांनी मखमलीच्या कापडात गुंडाळलेलं हत्यार टेबलावर ठेवलं. सहा इंची नळी, गडद निळं पॉलिश, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. दाजी खुळावलेच. मी मात्र आधी कागद मागितले. परवान्यावरचा नंबर आणि हत्याराच्या सांगाड्यावरचा नंबर अंक न् अंक जुळला पाहिजे. काही बनावटींत तो मुठीच्या तळाशी असतो आणि लाकडी पट्ट्या काढल्याशिवाय पूर्ण दिसत नाही. पट्ट्या काढायला लावाव्यात, संकोच करू नये. बोअरही कागदावर तोच आहे का ते पाहावं. बेळगाव छावणीचं गाव, त्यामुळे कुणाच्या तरी आजोबांकडे असलेल्या वेब्ली .४५५ रिव्हॉल्व्हरची गोष्ट आपल्याकडे हमखास ऐकू येते. ते काडतूस लष्करी सेवेतलं, म्हणून ते चालवणारी रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे साध्या परवान्यावर न चालणाऱ्या मापात, मोडतात. तसलं काही कुणी दाखवलं तर झीज मोजायच्या भानगडीत पडू नये.

कागद झाले की हत्यार रिकामं आहे याची खात्री. मालकानं सांगितलं असलं तरी आपण स्वतः सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता गोल भाग, उघडायचा, सहाही खाने डोळ्यांनी पाहायचे आणि बोट फिरवायचं. काडतुसं त्या खोलीतच नकोत. मी दर वेळी हत्यार हातात घेताना हे पुन्हा केलं. पाचव्या वेळी दाजी म्हणाले, "आता तरी पुरे की." नाही पुरे.

रिव्हॉल्व्हर म्हणजे मुळात इंडेक्सिंगचं यंत्र. मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड ज्यानं फिरवलंय त्याला हे लगेच कळेल. बाकीच्यांनी रहाट आठवावा. गाडगं एकेक करून पन्हळीसमोर येतं, तसा एकेक खाना नळीसमोर येतो. घोडा मागे ओढला की आतला एक छोटा पोलादी पट्टा वर सरकतो. त्याला हँड म्हणतात. तो सिलिंडरच्या पाठीवरच्या दातेरी चाकाला, म्हणजे रॅचेटला, ढकलतो. सिलिंडर ६० अंश फिरतो. खाना नळीच्या रेषेत आला की खालून स्टॉप नावाची खुंटी उसळून सिलिंडरवरच्या खाचेत बसते आणि सगळं जाम होतं. मग चाप, मग गोळी.

यात नाजूक जागा एकच आहे. साध्या पिस्तुलात काडतूस थेट नळीच्या मागच्या टोकाशी बसतं. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर वेगळा आणि नळी वेगळी, मधे फट. गोळीला ती फट उडी मारून ओलांडावी लागते. या आकाराच्या सहा खान्यांच्या सिलिंडरमध्ये मध्यापासून खान्याचं अंतर साधारण १४ मिलीमीटर असतं. सिलिंडर एकच अंश कमी फिरला तर खाना नळीच्या रेषेतून पाव मिलीमीटर बाजूला राहतो. दहा थाऊ. टूलरूममध्ये एवढ्या चुकीचा जॉब माझ्या साहेबांनी भंगारात टाकला असता. इथे तर .४४ मॅग्नमचा कमाल दाब ३६,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तेवढे पौंड. ट्रकच्या टायरात शंभर-एकशेवीस भरतात, त्यावरून अंदाज करा. दाब इतका असताना गोळी नळीच्या कडेवर घासली तर शिशाचा कीस फटीतून बाजूला उडतो, शेजारी उभ्या असलेल्याच्या गालाला लागतो, आणि नळीची कड दर गोळीला थोडी थोडी मार खाते.

तेव्हा पहिली परीक्षा वेळेची, म्हणजे टायमिंगची. सिलिंडरला अंगठ्याचा अगदी हलका अडसर द्यायचा, कडीवर माशी बसावी इतका, आणि दुसऱ्या हातानं घोडा सावकाश मागे ओढायचा. घोडा पूर्ण मागे अडकायच्या आधी किंवा निदान त्याच क्षणी स्टॉपचा ‘टिक’ ऐकू यायला हवा. घोडा अडकला, पण खुंटी खाचेत पडलीच नाही, सिलिंडर बोटानं थोडा ढकलल्यावर ती पडली, तर तो खाना उशिरा येतो. जोरात आणि भरभर घोडा ओढणाऱ्याला हे कधीच कळत नाही, कारण वेगानं फिरणारा सिलिंडर आपल्या वजनानंच पुढे जाऊन बसतो. विकणारे तसंच दाखवतात. मुद्दाम फसवतात असं नाही, त्यांना तेवढंच माहीत असतं.

ही परीक्षा सहा वेळा करायची, कारण रॅचेटला दाते सहा आणि प्रत्येक दाता वेगळा झिजतो. मी खडूनं एका खान्यावर ठिपका केला, तो एक नंबर. एक, दोन, तीन ठीक. चौथा उशिरा. पाचवा ठीक. सहावाही उशिरा. हेच मग चाप दाबूनही करून पाहिलं, मालकाची परवानगी घेऊन, खान्यात नकली काडतुसं घालून. जुन्या बनावटीत काडतुसावर आपटणारी टोचणी घोड्यावरच असते आणि रिकाम्या खान्यावर फार आपटली तर तिचं टोक तुटू शकतं. तिथेही तेच, चार आणि सहा.

"एवढं काय बघायलास? फिरतंय की चांगलं," दाजी म्हणाले. मी त्यांच्याच हातात दिलं आणि चौथ्या खान्यावर घोडा हळू ओढायला लावला. खुंटी पडली नाही. त्यांनी पुन्हा ओढला. मग खुर्ची जवळ घेऊन बसले.

दुसरी परीक्षा पुढच्या-मागच्या हालचालीची. सिलिंडर बंद करून तो नळीकडे ढकलायचा, मग मागे ओढायचा. हलतो का? इंग्रजीत याला एंड शेक म्हणतात, आमच्या भाषेत लांबीतला प्ले. बोटांना जाणवतो, पण बोटांवर विसंबू नये. फीलर गेज घ्यावा, मोटरसायकलच्या टॅपेटसाठी मिस्त्री वापरतात तोच. सिलिंडर पूर्ण पुढे दाबून नळी आणि सिलिंडर यांच्यामधली फट मोजायची, मग पूर्ण मागे दाबून मोजायची. दोन्हींतला फरक म्हणजे प्ले. आमच्याकडे पुढे दाबल्यावर ३ थाऊची पट्टी गेली, मागे दाबल्यावर ९ ची. प्ले ६ थाऊ. चांगल्या हत्यारात तो एक-दोन थाऊ असतो. तीनच्या वर गेला की दुरुस्तीला काढावा.

फट स्वतः किती असावी? चार ते आठ थाऊ उत्तम, दहापर्यंत चालतं, बाराच्या पुढे गेली की वायू आणि ताकद दोन्ही वाया जातात. तीनपेक्षा कमी फटही बरी नव्हे, कारण हत्यार तापलं आणि काजळी साचली की सिलिंडर नळीला घासून अडतो. म्हणजे आमची ९ थाऊची फट तशी गुन्हेगार नव्हती. गुन्हेगार होता प्ले. बैलगाडीचं चाक आखात ढिलं झालं की प्रत्येक खड्ड्यात ते आणखी ढिलं होतं, तसंच हे. गोळी सुटली की सिलिंडर मागे आदळतो, पुढच्या गोळीला पुन्हा आदळतो, आणि प्रत्येक आदळण्यानं अंतर वाढतं. सिलिंडर फार पुढे राहिला तर टोचणी प्राइमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर, नीट पोचत नाही आणि काडतूस फुटतच नाही. स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या हत्यारात हा दोष म्हणजे हत्यार नसल्यासारखंच.

आडवी हालचाल, म्हणजे जाम झालेला सिलिंडर डावी-उजवीकडे किंचित हलणं, याला लोक उगाच घाबरतात. थोडी मोकळीक मुद्दामच ठेवलेली असते, म्हणजे गोळी जाताना खाना आपणहून नळीशी जुळतो. कोल्ट कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र चाप दाबलेला असताना सिलिंडर पक्का जखडला पाहिजे, त्यांची रचनाच तशी. खुंटीच्या खाचांच्या कडा ठोकल्यासारख्या पसरल्या असतील तर कुणी तरी घोडा झटक्यानं ओढत खेळलंय असं समजावं. सिनेमातल्यासारखा मनगटाच्या हिसक्यानं सिलिंडर बंद करणारे तर आणखी वाईट. ज्या बिजागरीवर सिलिंडर बाहेर येतो, ती क्रेन त्यानं वाकते. वाकली की प्रत्येक खाना थोडा थोडा चुकतो.

तिसरी परीक्षा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. घोडा पूर्ण मागे ओढून अडकवायचा आणि चापाला हात न लावता अंगठ्यानं घोडा मागून पुढे दाबायचा, बऱ्यापैकी जोरानं. तो पडता कामा नये. पडला तर आतली खाच झिजली आहे किंवा, जास्त करून, कुणी तरी चाप हलका करायला ती कानशीनं घासली आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्याला आणि चापाला वरवरचं कडकपण दिलेलं असतं, साईसारखा पातळ थर. तो कानशीनं उडाला की खालचं मऊ लोखंड महिन्यामहिन्यानं झिजत जातं. ‘घासून मस्त हलकं करून देतो’ म्हणणाऱ्याकडे हत्यार देऊ नका, एवढं मी हात जोडून सांगतो. आमच्या हत्याराचा घोडा पडला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे घेण्यासारखं असू शकेल.

मग भिंग. शहापुरातल्या एका ओळखीच्या सोनाराकडून दहा पट मोठं दाखवणारं भिंग मी मागून आणलं होतं. सिलिंडर उघडून नळीचं मागचं टोक पाहायचं. तिथे गोळीला आत घेण्यासाठी फनेलसारखं तोंड केलेलं असतं, त्याला फोर्सिंग कोन म्हणतात. सगळा मार तिथे बसतो. करड्या सुरकुत्या, वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या, ही वापराची खूण. त्या थोड्या असतील तर चालतात. पण कडेपासून आत गेलेली सरळ रेघ, विशेषतः खालच्या बाजूला, म्हणजे तडा. .३५७ मॅग्नमच्या जुन्या मध्यम आकाराच्या रिव्हॉल्व्हरमध्ये क्रेनला जागा द्यायला नळीचं तोंड खालून सपाट केलेलं असे, तिथला धातू पातळ. हलक्या वजनाच्या वेगवान गोळ्या भरपूर मारल्या की तिथेच तडे जात. तडा गेला की नळी बदलण्याला पर्याय नाही. विकणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

सांगाड्याच्या वरच्या पट्टीवर, फटीच्या बरोबर वर, वायूनं कापलेली बारीक चर दिसते. बघणारा घाबरतो. ती सुरुवातीला पडते आणि बहुधा ठरावीक खोलीपाशी थांबते. खान्यांच्या आत एक काळं कडं दिसलं तर आधी ब्रशनं साफ करून पाहावं. .४४ मॅग्नममध्ये आखूड .४४ स्पेशल काडतुसं वापरली की तिथे काजळी साचते, ती झीज नव्हे. नळी उजेडाकडे धरून पाहावी. आत एखादी गोल सावली आडवी दिसली तर नळी तिथे आतून फुगलेली आहे.

निळ्या पॉलिशबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. नवं पॉलिश दोष झाकतं. कडा गोलसर झाल्यात का, अक्षरं पुसट झालीत का, स्क्रूच्या भोवती धातू खोलगट झालाय का, हे पाहावं. झाला असेल तर कुणी तरी गंज उतरवायला बफिंग मारलंय. आमच्या हत्याराचं पॉलिश मूळचं होतं, पण सिलिंडरच्या उजव्या अंगाला गंजाचे बारीक खड्डे होते. ते बरीच वर्षं चामड्याच्या केसमध्येच ठेवलं होतं. चामडं ओल धरून ठेवतं. मलप्रभा जिथे उगवते त्या कणकुंबीच्या बाजूला तर जून ते सप्टेंबर कपडे चुलीवर धरून वाळवावे लागतात. तिथे हत्यार चामड्यात ठेवणं म्हणजे ओल्या फडक्यात ठेवणं. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलिस ठाण्यात जमा करायची वेळ येते, तेव्हाही केस घरी ठेवून, तेलाचा हात देऊन, तेल लावलेल्या कापडात द्यावं आणि पावतीवर हत्याराची अवस्था लिहून घ्यावी.

आता दुरुस्ती. माझ्याकडे लेथ आहे, मायक्रोमीटर आहे, तीस वर्षांचा हात आहे. तरीही दुसऱ्याच्या हत्याराला मी स्क्रू ड्रायव्हर लावला नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या पाचव्या कलमाप्रमाणे हत्यारं दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही वेगळा परवाना लागतो. उद्यमबागेत थाऊच्या आत काम करणारे कितीतरी कारागीर आहेत, पण त्यांच्याकडे हे काम नेणं हा दोघांच्याही गळ्याला फास. आणखी एक गोष्ट आपल्या सीमाभागातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. कोल्हापूर आपल्याला शेजारच्या गल्लीसारखं. पण परवान्यावर क्षेत्र म्हणून फक्त कर्नाटक लिहिलं असेल तर राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडे हत्यार नेता येत नाही, मग पलीकडचा कारागीर कितीही नावाजलेला असो. परवाना कन्नडमध्ये असू शकतो. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडून ती ओळ समजून घ्यावी.

परवानाधारक कारागिराकडे गेल्यावर काय मागायचं आणि कोणत्या क्रमानं, हे मात्र आपल्याला माहीत हवं. आधी लांबीतला प्ले, मग टायमिंग, शेवटी फट. क्रम उलटा केला तर काम दोनदा करावं लागतं. प्ले काढताना सिलिंडर मागे सरकतो, रॅचेट हँडच्या जवळ येतं, त्यामुळे टायमिंग थोडं बदलतं. फटही बदलते. टायमिंग आधी जुळवलं आणि प्ले नंतर काढला तर जुळवलेलं बिघडतं.

प्ले काढायचे रस्ते दोन. क्रेनच्या नळकांड्याचं टोक विशिष्ट अवजारानं दाबून किंचित लांबवायचं, किंवा सिलिंडरच्या आत दोन-दोन थाऊचे पातळ पोलादी वॉशर बसवायचे. आमच्या कारागिरानं दोन वॉशर घातले. सहातून चार गेले, प्ले राहिला दोन. फट पुढे ७, मागे ९. म्हणजे नळी काढून मागे घेण्याचं मोठं काम टळलं. फट बाराच्या पुढे असती तर नळी एक आटा आत फिरवून तोंड नव्यानं कापावं लागलं असतं, आणि त्या खर्चात सौदा बसला नसता.

टायमिंगसाठी थोडा जाड हँड बसवतात आणि घासून, पाहून, पुन्हा घासून सहाही दात्यांना जुळवतात. जुना हँड हातोडीनं ठोकून रुंद करण्याची एक युक्ती आहे. ती काही महिने टिकते, म्हणून मी आधीच सांगून ठेवलं होतं की ठोकायचं नाही. शेवटी त्यांनी नळीतून रेंज रॉड घातला. नळीच्या मापाचा हा गुळगुळीत गज सहाही खान्यांत न अडखळता उतरला पाहिजे. उतरला. एजेक्टरचा, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारा, दांडा ढिला होता, तोही आवळला. स्मिथ अँड वेसनच्या १९६०च्या सुमारापासूनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्या दांड्याचे आटे डावे असतात. न समजणारा माणूस तो आवळायला जातो आणि सोडून बसतो. बाजूची पट्टी काढतानाही कारागिरानं ती पेचकसानं उचकटली नाही. स्क्रू काढून मुठीच्या सांगाड्यावर लाकडी हातोडीच्या हलक्या टिचक्या दिल्या, पट्टी आपणहून वर आली. ते पाहूनच मला माणसाचा हात कळला.

हे सगळं विकणाऱ्या गृहस्थांच्या परवान्यावर असतानाच झालं, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करून. विक्रीची लेखी सूचना देऊन ४५ दिवस थांबावं लागतं, ते दिवस असे सत्कारणी लागले. दाजींच्या परवान्यावर नोंद झाल्यावर मी पुन्हा जांबोटीला गेलो. हत्यार रिकामं केलं, पाहिलं, बोट फिरवलं, आणि एका वहीत सहा रकाने आखून प्रत्येक खान्याचं टायमिंग, फट आणि प्ले लिहून ठेवलं. रानडुकरासाठी हे नाही, वन्यजीव कायदा आहे, हेही त्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं. भाचा नुकताच कॉलेजला गेलाय.

दिवाळीत पुन्हा मोजलं. प्ले दोनच. पाच खान्यांत टिक वेळेवर. चौथ्यात घोडा आणि खुंटी आता अगदी एकाच क्षणी येतात, आधी नाही. त्या रकान्यात मी पेन्सिलीनं एक टिंब काढून ठेवलंय, आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करायची असं दाजींना सांगितलंय.